‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’ कीबोर्डवर : कॉर्ड बरोबर, तरी गाणं का लागत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे बरीच वर्षं हार्मोनियम वाजवतात, भजनाला आणि नाट्यगीतांना साथ करतात. हल्ली डिजिटल पियानो घेतला आहे. जॅमिरोक्वाय या ब्रिटिश बँडचं ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’ त्यांना लहानपणापासून आवडतं. कॉर्ड उतरवून घेतल्या, पट्ट्या बरोबर दाबल्या जातात, पण ऐकायला “शाळेच्या प्रार्थनेसारखं” वाटतं. चुकतंय कुठे, आणि सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण दाबून सोप्या सुरात वाजवलं तर चालेल का?

मी कीबोर्ड वाजवतो आणि शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मेअधिक हार्मोनियमवरून आलेले असतात, त्यामुळे तुमचा हात न बघताही काय होत असेल याचा अंदाज आहे. तुमचे सूर बरोबर असणार. बिघडतं ते तीन जागी, आणि तिन्ही सवयी हार्मोनियमने लावलेल्या आहेत: प्रत्येक कॉर्डमध्ये षड्ज धरून बसणं, चारही बोटांचं वजन सारखं ठेवणं, आणि दर कॉर्ड समेवरच टाकणं. हार्मोनियमवर हे गुण आहेत. या गाण्यात तेच आड येतात.

आधी गाण्याबद्दल चार ओळी, कारण ते कुठल्या घरातलं आहे हे कळल्याशिवाय हात तिकडे वळत नाही.

ब्रिटनमध्ये 1980 च्या आसपास जॅझ-फंक वाजवणाऱ्या बँडची एक पिढीच आली. लेव्हल 42, शाकाटाक, लाइट ऑफ द वर्ल्ड, इन्कॉग्निटो. अमेरिकन फंक आणि जॅझच्या रेकॉर्डवर वाढलेली ही मुलं. पुढे यातल्या काहींनी त्यातूनच पॉपच्या यादीत जाणारी गाणी काढली, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते गाणं एखादं वाद्यच खांद्यावर घेऊन जायचं. शाकाटाकचं 1982 चं ‘नाइट बर्ड्स’ ऐका, तिथे पियानो. लेव्हल 42 मध्ये मार्क किंगचा अंगठा, म्हणजे तारांवर अंगठा आपटून वाजवलेला त्याचा स्लॅप बास. मग 1987 मध्ये लंडनला जाइल्स पीटरसन आणि एडी पिलर यांनी ‘अ‍ॅसिड जॅझ’ नावाची रेकॉर्ड कंपनी काढली आणि हाच प्रवाह नव्या कपड्यांत परत आला. जॅमिरोक्वायचं पहिलं सिंगल 1992 मध्ये तिथूनच निघालं. त्यानंतर सोनीने त्यांच्याशी करार केला.

‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’ ऑगस्ट 1996 चं. ‘ट्रॅव्हलिंग विदाउट मूव्हिंग’ या त्यांच्या तिसऱ्या अल्बममधलं. ब्रिटनच्या खपाच्या यादीत ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. गायक जे के, कीबोर्डवर टोबी स्मिथ, बासवर स्टुअर्ट झेंडर, ड्रम्सवर डेरिक मॅकेन्झी. गाण्याच्या रचनेत जे के बरोबर टोबी स्मिथचाही हात आहे, आणि ते पहिल्या चार मात्रांत कळतं. हे गाणं पियानोवर बसलेल्या माणसाने केलेलं आहे. गिटारवाल्याला असं सुचलं नसतं. टोबी स्मिथ 2002 मध्ये बँडमधून बाहेर पडला आणि 2017 साली, वयाच्या 46 व्या वर्षी गेला. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. जे के ची टोपी सगळ्यांना आठवते.

आता मुद्द्याचं. गाणं ई फ्लॅट मायनरमध्ये आहे. पाश्चात्त्य पद्धतीने लिहिलं तर सहा फ्लॅट लागतात, स्टाफ नोटेशन वाचणारी मुलं ते पान बघूनच हबकतात. तुम्ही हबकू नका. ई फ्लॅट म्हणजे आपली काळी दोन (सप्तकातल्या पांढऱ्या पट्ट्या सी पासून एक ते सात आणि काळ्या एक ते पाच मोजायच्या, ‘वरची’ म्हणजे पुढच्या सप्तकातली). काळी दोन षड्ज धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवत वर जा: काळी दोन, काळी तीन, काळी चार, काळी पाच, वरची काळी एक. सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हा धानी राग आहे. पाचही काळ्या, एकही पांढरी न शिवता. जे के गाताना ज्या जागा घेतो त्यातल्या पुष्कळशा या पाचांत बसतात. म्हणजे ज्याला इंग्रजी पुस्तकं अवघड सूर म्हणतात, तो तुमच्या बोटांना सगळ्यात ओळखीचा आहे.

म्हणून ट्रान्सपोजच्या प्रश्नाचं उत्तर: दाबू नका. पांढरी सहा धरून ए मायनरमध्ये वाजवलं आणि बटणाने सहा अर्धस्वर सरकवलं, तर स्पीकरमधून येणारा सूर तोच असेल, हे मान्य. पण हात वेगळा चालतो. या गाण्यात काळीवरून शेजारच्या पांढरीवर एकच बोट घसरवायच्या जागा आहेत: काळी तीनवरून पांढरी चारवर, काळी एकवरून पांढरी एकवर. हार्मोनियमवर मींड येत नाही म्हणून आपण जी घसीट घेतो, तीच. काळीवरून पांढरीवर बोट आपोआप उतरतं. ए मायनरमध्ये यातली पहिली जागा पांढरीवरून पांढरीवर आणि दुसरी पांढरीवरून काळीवर येते, तिथे दोन बोटं लागतात आणि घसीट जाते. उरतात दोन सुटे सूर.

आता कॉर्ड. या गाण्याचा कणा म्हणजे बासचा रस्ता. मूळ स्वर काळी दोनवरून निघतो, मग काळी चार, मग काळी एक, मग काळी तीन. आपल्या भाषेत सा, म, कोमल नि, कोमल ग. दर वेळी मागच्या स्वराचा मध्यम पुढचा षड्ज होतो. सा चा मध्यम म. म ला सा धरलं तर त्याचा मध्यम कोमल नि. त्याचा मध्यम कोमल ग. पाश्चात्त्य संगीतात ही साखळी शेकडो वर्षं जुनी आहे आणि जॅझवाल्यांनी तर ती इतकी वापरली की तिचा कंटाळा यावा. तिचा उपयोग हा, की ऐकणाऱ्याला दर कॉर्डनंतर पुढची हवीशी वाटते. फिरून फिरून चक्कर संपते ती काळी पाचवर, म्हणजे पंचमावर, आणि पंचमावरून परत काळी दोनवर. कुठेही “झालं, संपलं” असं वाटत नाही. गाण्याचा विषयही तसाच आहे, माणसाने सुरू केलेली आणि आता थांबवता न येणारी यंत्रं, त्यामुळे ही न थांबणारी चाल तिथे शोभते.

तुमचा हात आता बहुधा असा पडत असेल: काळी दोन, काळी तीन, काळी पाच. सा, ग, प. सरळ मायनर त्रिक. डाव्या हाताने परत काळी दोन. नाव बघितलं तर बरोबर, पण प्रार्थना इथूनच सुरू होते. बॅकिंग ट्रॅकवर, म्हणजे तयार साथीच्या रेकॉर्डिंगवर, बास आधीच सा वाजवतोय, तुमचा डावा हात सा वाजवतोय, उजवा हात पुन्हा सा वाजवतोय. तीन माणसं एकाच दाराशी उभी.

सा काढून टाका. उजव्या हातात घ्या: काळी तीन, काळी पाच, वरची काळी एक, वरची पांढरी चार. स्वर झाले कोमल ग, प, कोमल नि, रे. या कॉर्डमध्ये षड्ज नाहीच. हार्मोनियमवाल्याला हे पहिल्यांदा सांगितलं की तो संशयाने बघतो. बासवाल्याला काळी दोन वाजवू द्या आणि वरून हे ठेवा. सा कानात राहतोच, तानपुरा चालू असताना गायकाला सारखा सा म्हणावा लागत नाही तसा, आणि वरचा रिषभ त्या कॉर्डला जो एक ओलसर रंग देतो तो त्रिकातून काही केल्या येत नाही. जॅझ पियानोवादक मूळ स्वर सोडून कॉर्ड धरण्याची ही पद्धत 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून राजरोस वापरतात. बिल इव्हान्सच्या रेकॉर्डवर ती जागोजाग सापडेल.

आता खरी मजा. बास काळी चारवर गेला. तुम्ही काय करायचं? चारातली तीन बोटं जिथल्या तिथे ठेवा आणि फक्त वरच्या काळी एकवरचं बोट शेजारच्या पांढरी एकवर उतरवा. संपलं. काळी तीन, काळी पाच, पांढरी एक, पांढरी चार. ही ए फ्लॅटची तेरावी (मूळ स्वरापासून तेराव्या पायरीवरचा स्वर घेणारी कॉर्ड) झाली, तीसुद्धा मूळ स्वराशिवाय. कोमल निषाद उतरून शुद्ध धैवत झाला आणि नुसत्या तेवढ्याने सगळा उजेड बदलला. धानीतून आपण काफी थाटात आलो, कारण शुद्ध ध आला. हे एकच बोट दहा-वीस वेळा हलवून बघा, बास कुणाला तरी वाजवायला सांगा नाहीतर डाव्या हाताने वाजवा. हा बदल कानाला पटला की गाणं निम्मं हातात आलं.

तिसरी कॉर्ड, बास काळी एकवर. हाताने सगळं एक पायरी खाली घ्या, पण पांढरी एक सोडू नका: पांढरी चार, काळी चार, वरची पांढरी एक, वरची काळी दोन. इथे उतरवून घेतलेल्या कॉर्डच्या कागदांत मतभेद दिसतील. कुणी पांढरी एक लिहील, कुणी तिच्या खालची पांढरी सात. भांडत बसू नका, दोन्ही वाजवा. पांढरी एक ठेवली तर कॉर्ड निवांत बसते. पांढरी सात घेतली तर ती पुढच्या कॉर्डकडे ओढायला लागते. मग रेकॉर्ड लावा आणि तुमच्या कानाला त्या क्षणी ओढ जाणवते की निवांतपणा, ते बघा. कागदावरचं नाव वाचून हा निर्णय कधीच नीट होत नाही.

चौथी, बास काळी तीनवर. खालची दोन बोटं तशीच, वरची दोन उतरवा: पांढरी चार, काळी चार, काळी पाच, वरची काळी एक. मेजर सेव्हन्थची ती जरा उन्हातली जागा.

आणि शेवटी बास काळी पाचवर आला की मी काय करतो ते सांगतो. हे माझ्या हाताचं आहे, टोबी स्मिथची बोटं अशीच पडली असतील असा दावा नाही. काळी चार आणि वरची काळी एक धरून ठेवतो, काळी पाच सोडतो, आणि खालचं बोट पांढरी चारवरून पांढरी दोनवर आणतो. तीनच सूर: पांढरी दोन, काळी चार, वरची काळी एक. यात खाली शुद्ध निषाद आहे आणि वर कोमल निषाद, दोन्ही एकाच वेळी दाबलेले. आपल्या शिस्तीत हे अब्रह्मण्यम. पण तो शुद्ध नी षड्जाकडे ढकलतो आणि वरचा कोमल नी ब्लूजचा खारटपणा टिकवतो. मग परत पहिली कॉर्ड, वरची काळी एक तिथेच आहे, बाकीचे फक्त जागेवर येतात.

एक इशारा. दोन्ही निषाद, कोमल गंधार, शुद्ध धैवत असं सगळं दिसलं की आपल्यातला कुणीतरी “अरे हा तर पिलू राग” म्हणतो. म्हणू दे. मलाही एकेकाळी हे खेळ आवडायचे. पण पिलूत हे स्वर चालीतून येतात, इथे ते खालचा बास सरकल्यामुळे येतात. पिलूच्या अंगाने फिरत वाजवलंत तर बासशी जागोजाग खटके उडतील. स्वरांची नावं पत्ता शोधण्यापुरती वापरा.

आता वजनाबद्दल, कारण माझ्या मते तुमचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतंय. हार्मोनियमच्या पट्टीला बोटाचा जोर कळत नाही. तिथे आवाज भात्यातून येतो, आणि चार पट्ट्या दाबल्या तर चारही सारख्याच वाजणार. पियानोची पट्टी बोट किती वेगाने खाली आलं ते मोजते. त्यामुळे त्याच चार सुरांची कॉर्ड चार वेगळ्या प्रकारे वाजू शकते, आणि हार्मोनियमवरून आलेला माणूस ती हटकून चारही बोटं सारखी आपटून वाजवतो. ती पहिली कॉर्ड धरा. करंगळी वरच्या पांढरी चारवर आहे. करंगळीचा सूर स्पष्ट, बाकी तीन त्याच्या मागे, जवळजवळ बोलतील न बोलतील इतके हलके. सुरुवातीला जमणार नाही, कारण करंगळी सगळ्यात अशक्त आणि अंगठा सगळ्यात दांडगा. युक्ती अशी की तीन बोटं पट्ट्यांना नुसती टेकवा, आवाज न करता, आणि करंगळीच फक्त वाजवा. मग हळूहळू बाकीच्यांना थोडं थोडं बोलू द्या. दोन आठवडे रोज एवढंच केलंत तरी तुमच्या सगळ्याच वाजवण्यात फरक पडेल, फक्त या गाण्यात नाही.

तुमच्या डिजिटल पियानोच्या सेटिंगमध्ये पट्ट्यांचा टच बदलता येतो. बरेच जण तो “फिक्स्ड” करून ठेवतात, कारण त्याने आवाज हार्मोनियमसारखा एकसारखा येतो आणि बरं वाटतं. तो आधी काढा.

सोडणं हाही भाग आहे. भात्याच्या वाद्यावर पट्टी सोडली की पोकळी पडते, म्हणून आपण पुढची दाबेपर्यंत मागची सोडत नाही. या गाण्यात पोकळी हवी आहे. ड्रम्सचा स्नेअर वाजतो तेव्हा तुमचा हात वर असला पाहिजे. सस्टेन पेडल तर मी पहिले काही दिवस काढूनच ठेवायला लावतो. पेडल खाली आणि डावा हात आधीच भारदस्त, की सगळं गाणं चिखलात.

आणि सम. रेकॉर्डची लय मिनिटाला साधारण 92 ठोके आहे. आपल्या हिशेबाने मध्यलय, धावपळ नाही. पण दर ठोक्याचे चार बारीक भाग करा, आणि त्यातला दुसरा आणि चौथा भाग अगदी किंचित उशिरा येऊ द्या. तबलजी केहरवा झुलवून वाजवतात तेव्हा जो डोल येतो त्याच्या जवळचं, फक्त त्याहून कमी. हाय-हॅटकडे, म्हणजे ड्रम्समधल्या झांजांच्या जोडीकडे कान द्या, तो डोल तिथे आहे. पियानोच्या कॉर्ड बऱ्याचदा ठोक्याच्या जरा आधी पडतात, त्या शेवटच्या बारीक भागावर, आणि ठोक्यावर शांतता असते. ठोका बास आणि ड्रम्स सांभाळतात. तुम्ही दर कॉर्ड बरोबर ठोक्यावर टाकता, त्यामुळे तुम्ही, बास आणि बेस ड्रम तिघे एकत्र पाय आपटता.

याचा रियाझ सांगतो. मेट्रोनोम 92 वर लावू नका. 46 वर लावा, आणि जो टिक येईल तो दुसरा आणि चौथा ठोका समजा. म्हणजे समेवर टिक नाही, सम तुम्हाला आतून धरायची. पहिल्या दिवशी पाचएक मिनिटांत उलटं-सुलटं होईल, टिक तुम्हाला समेवर ओढेल. तोंडाने “एक” म्हणत राहा, वाजवू नका. ते बसलं की पहिल्या दोन कॉर्ड, नुसत्या दोन, फिरवत राहा. फार वेगवान वाटलं तर 35 वर आणा, म्हणजे 70 ची लय. वेग वाढवण्याची घाई नको, हळू लयीत डोल ठेवणं जास्त अवघड आहे आणि कामाचं तेच आहे.

डाव्या हाताचं काय करायचं हे तुम्ही कुणाबरोबर वाजवताय यावर आहे. बासवाला असेल किंवा बॅकिंग ट्रॅक असेल, तर डावा हात मांडीवर. खरंच. थोडा वेळ मोकळा वाटेल, पण सवय करा. एकट्याने वाजवत असाल तर डाव्या हाताने फक्त मूळ स्वर, खालच्या सप्तकात, आणि एक जादा टोला अधूनमधून. झेंडरचा बास तसाच्या तसा डाव्या हाताने काढायचा मोह होतो, तो करू नका. त्याच्या बासमध्ये वाक्याच्या शेवटी ज्या छोट्या हरकती आहेत त्या त्याला जमतात, कारण त्याच्या दोन्ही हातांना दुसरं काम नाही. त्या हरकती मात्र ऐका जरूर, नुसत्या बाससाठी गाणं एकदा पूर्ण ऐका. गायक श्वास घेतो तिथे बास बोलतो, हे आपल्या साथसंगतीच्या माणसाला लगेच कळेल.

व्हिडिओबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण हे गाणं म्हटलं की तो आलाच. 1996-97 च्या सुमारास केबलवर चॅनल व्ही आणि एमटीव्ही बघणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनी तो पाहिलाय: राखाडी खोली, मोठी टोपी घातलेला माणूस आणि सरकणारी जमीन. जमीन सरकत नाही. दिग्दर्शक जॉनथन ग्लेझरने ती खोली अशी बांधली की जमीन स्थिर आणि भिंतींना चाकं. भिंती ढकलायला माणसं, आणि कॅमेरा भिंतीबरोबरच सरकणारा. कॅमेऱ्याच्या दृष्टीने भिंत हलत नाही, म्हणून आपल्याला वाटतं जमीन आणि सोफे वाहून चाललेत. 1997 च्या सप्टेंबरात एमटीव्हीच्या पुरस्कारांत त्याला वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओसह चार बक्षिसं मिळाली, आणि त्या सोहळ्यात जे के ने सरकत्या पट्ट्यांवर उभं राहून ते गायलं. हाच ग्लेझर पुढे सिनेमात गेला, 2024 ला त्याच्या ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ला ऑस्कर मिळालं.

पण व्हिडिओमुळे गाणं चाललं असं जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. ब्रिटनमध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर गेलं ते 1996 मध्ये, त्या बक्षिसांच्या वर्षभर आधी. अमेरिकेत व्हिडिओने दार उघडलं हे खरं, पण ग्रॅमी मिळाली ती गायन-वादनाला, पॉप गटाच्या सादरीकरणासाठी, 1998 मध्ये.

शब्दांची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे, कारण त्याने वाजवण्याचा मूड ठरतो. जे के ने सांगितलेली हकीकत अशी: जपानमध्ये साप्पोरोला होतो, बाहेर बर्फ, रस्त्यावर कुणी नाही. जिन्याने खाली उतरलो तर खाली सगळं शहर, दुकानं, माणसं, दिवे. साप्पोरोच्या पोटात 1971 पासून अशी भुयारी बाजारपेठ खरोखरच आहे, कडाक्याच्या हिवाळ्यात लोक तिथूनच ये-जा करतात. गाण्यात जमिनीखाली राहण्याचा जो उल्लेख येतो तो तिथून आला. दुसरा धागा आहे जन्माला येणाऱ्या मुलाचा रंग निवडण्याचा. डॉली नावाची क्लोन केलेली मेंढी स्कॉटलंडमध्ये जन्मली जुलै 1996 मध्ये, जगाला कळली फेब्रुवारी 1997 मध्ये. गाणं या दोन्हींच्या मध्ये बाजारात आलं. त्या वर्षी ही भीती हवेतच होती.

तर हे नाचाचं गाणं असलं तरी खुशीचं गाणं नाही. विद्यार्थी हटकून त्यात उत्साह घालतात, कॉर्ड उडवून वाजवतात. रेकॉर्डवरचा पियानो तसा नाही. तो थंड आहे, नीटनेटका आहे, थोडा बेफिकीर. जे के चा आवाज वर चढतो तेव्हाही पियानो आपली पातळी सोडत नाही. साथीला बसणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: गायकाबरोबर आपणही चढलो की गायकाला चढायला जागाच राहत नाही.

राहिला गायकाचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की पुतणी गाणार आहे. मुलींच्या आवाजाला काळी दोन बऱ्याचदा अडनिडी पडते, खाली गेलं तर शब्द बुडतात आणि वरच्या सप्तकात घेतलं तर किंचाळल्यासारखं होतं. अशा वेळी सूर बदलावाच लागतो, तिथे हट्ट नको. काळी पाच मायनर करून बघा. पाचही काळ्या आता धानी देणार नाहीत, त्यात रिषभाची पांढरी एक आणि गंधाराची काळी एक असा हिशेब बदलतो. पण पहिल्या दोन कॉर्डमधलं ते एक बोट इथेही तसंच चालतं: काळी एक, पांढरी चार, काळी चार, वरची पांढरी एक, आणि मग फक्त काळी चारवरचं बोट पांढरी पाचवर. काळीवरून पांढरीवर घसरायची सोयही शाबूत राहते. काळी पाच फार खाली गेली तर पांढरी सात. तिथे मात्र हेच बोट पांढरी सहावरून काळी चारवर, म्हणजे पांढरीवरून काळीवर जातं, घसीट होत नाही. तेवढी जागा गाळा, किंवा ती गाणारीला घेऊ द्या.